उंबरठा कुठे गेला?

एलटीसीचा ब्लॉक संपत आला होता, म्हणून २०२५ च्या दिवाळीनंतर आम्ही चौघे माळव्यात जाऊन आलो. कचेरीत रजेचा अर्ज पुढे सरकवला तेव्हा सहकाऱ्यांनी विचारलेच, "धार-देवासला काय आहे रे? लोक केरळला जातात, काश्मीरला जातात." त्यांना काय सांगणार? देवासला माझी आतेबहीण असते. तिचे लग्न होऊन ती फोंड्याहून तिकडे गेली त्याला आता तीस वर्षे होतील. दर गणपतीला फोनवर ती एकच वाक्य म्हणायची, "तुम्ही कोणी आमच्याकडे येत नाही." यंदा गेलो.

देवास म्हटले की आपल्या मराठी माणसाला कुमार गंधर्व आठवतात, आणि ते बरोबरच आहे. १९४८ साली क्षयाने आजारी पडलेले कुमारजी कोरड्या हवेसाठी या गावात आले. पाच-सहा वर्षे गाणे बंद होते. त्या काळात अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची लोकगीते ऐकली, आणि पुढे त्यातून नवे संगीत उभे केले. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, कन्नड मातृभाषेचा हा माणूस मराठी रसिकांचा लाडका झाला आणि राहिला हिंदी मुलखात, माळवी गाणी ऐकत. १२ जानेवारी १९९२ रोजी ते गेले, तेही देवासलाच.

पण देवास त्याआधीपासून मराठी गाव आहे. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये, दोन राजवाडे, दोन दरबार! इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून इथे राहिला होता. इथल्या गोकुळाष्टमीने तो चक्रावून गेला आणि पुढे त्याच्या लिखाणात ती अजरामर झाली. १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. राजवाडे राहिले, गणपती राहिले, आडनावे राहिली. भाषेचे काय झाले, ते मी ताईच्या घरात पाहिले.

ताईचे घर जुने आहे. मातेच्या टेकडीच्या बाजूला, अरुंद बोळात, पुढे ओटा, आत चौक. घरात चार पिढ्या. ताईच्या सासूबाई, ज्यांना सगळे माई म्हणतात, ऐंशीच्या पुढच्या. मग ताई आणि भावोजी. मग मुलगा आणि सून, दोघेही रोज इंदूरला नोकरीसाठी ये-जा करतात. सून उज्जैनची, हिंदीभाषक, अतिशय गुणी मुलगी. आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा. माई मराठी बोलतात, ताई निम्मे मराठी निम्मे हिंदी, आणि नातू सगळे हिंदी. मराठी त्याला समजते, पण उत्तर हिंदीत येते. कोणी त्याला रागावत नाही, कारण रागावण्यासारखे त्यात काही नाही.

आम्ही पोचलो त्या दिवशी दुपारी तो टीव्हीसमोर बसला होता. 'महावतार नरसिंह' चालू होता. अश्विन कुमार यांनी दिग्दर्शित केलेला हा ॲनिमेशनपट २५ जुलै २०२५ रोजी प्रदर्शित झाला, आणि तीनशे कोटींहून अधिक धंदा करून त्याने भल्याभल्यांची तोंडे बंद केली. कार्टून म्हणजे पोरखेळ असे समजणाऱ्या मोठ्या माणसांनीही तो थिएटरात जाऊन पाहिला. ताईच्या नातवाने तो किती वेळा पाहिला होता याचा हिशेब घरात कोणाकडेच नव्हता. खांब फुटायच्या जरा आधी तो उठून उभा राहायचा, आणि खांब फुटला की सोफ्यावरून उडी मारायचा. माझी अकरा वर्षांची मुलगी आणि तो, दोघांची दोन मिनिटांत मैत्री झाली. एक उडी त्याची, एक हिची.

मला वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. ऑक्टोबर २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' आला तेव्हा मी माझ्या भाच्याला घेऊन थिएटरात गेलो होतो. तेव्हा माझे लग्न व्हायचे होते, हातात नवी नोकरी होती आणि खिशात पगार होता. थिएटर पोराटोरांनी भरलेले. घरी आल्यावर भाच्याने पलंगावरून 'सूर्याकडे' झेप घेतली आणि कपाळावर टेंगूळ आणले. बहीण माझ्यावर रागावली, "असले सिनेमे दाखवतोस त्याला!" सामंतांचा तो चित्रपट हिंदी होता, पण करणारा माणूस मराठी म्हणून मला उगाच अभिमान वाटला होता. पुढे २००७ मध्ये 'बाल गणेश' आला, 'रिटर्न ऑफ हनुमान' आला, टीव्हीवर छोटा भीम आला. राम मोहन आणि जपानचे युगो साको यांनी मिळून केलेले १९९२ चे 'रामायण' तर २०२५ च्या जानेवारीत पुन्हा थिएटरात लागले. म्हणजे एक अख्खी पिढी देव पडद्यावर उड्या मारताना बघत मोठी झाली आहे.

याविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक, "देवांची कार्टुने करून टाकली, काही पावित्र्य म्हणून राहिले नाही." दुसरे, "निदान यामुळे तरी मुलांना आपली संस्कृती कळते." मला ही दोन्ही मते पटत नाहीत. का ते सांगतो, पण आधी त्या संध्याकाळी काय झाले ते ऐका.

चित्रपट संपला. बाहेर उन्हे उतरली होती. माई देवापाशी दिवा लावून ओट्याकडे आल्या. नातू त्यांना हातवारे करून झुंज दाखवत होता. माईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ते झालं रे. पण त्याला वर काय मिळाला होता ते सांग."

पोराला ते पाठ होते. न माणसाकडून, न जनावराकडून. न घरात, न बाहेर. न दिवसा, न रात्री. न जमिनीवर, न आकाशात. न शस्त्राने, न अस्त्राने.

"मग मारला कुठे?"

"दरवाजे पे।"

"दरवाजा म्हणजे आत की बाहेर?"

तो गोंधळला. माईंनी त्याचा हात धरला आणि त्याला घराच्या दारापाशी नेले. त्या घराला वीतभर उंच, मधोमध झिजलेला जुना लाकडी उंबरठा आहे. माई म्हणाल्या, "एक पाय इकडे ठेव, एक तिकडे. आता सांग, तू घरात आहेस का बाहेर?" पोरगा खाली बघत राहिला. "याला उंबरठा म्हणतात," माई म्हणाल्या. मग त्यांनी बाहेर बोट दाखवले. समोरच्या घरातला दिवा लागला होता, तरी आकाशात उजेड होता. "आता दिवस आहे का रात्र?" तो म्हणाला, "शाम।" माई म्हणाल्या, "शाम तर चार वाजताही असते. ही तिन्हीसांज. ह्या वेळेला आला तो."

मी तिथेच ओट्यावर बसलो होतो. पोराच्या चेहऱ्यावर जे उमटले ते चार वेळा सोफ्यावरून उडी मारताना उमटले नव्हते. त्याला कोडे सुटले होते. नरसिंहाची गोष्ट मुळात कोडेच आहे. हिरण्यकश्यपूने सगळ्या वाटा बंद केल्या आणि देवाने त्या बंद वाटांच्या मधली फट शोधली. माणूस आणि जनावर यांच्या मधला सिंह-माणूस, घर आणि बाहेर यांच्या मधला उंबरठा, दिवस आणि रात्र यांच्या मधली तिन्हीसांज, जमीन आणि आकाश यांच्या मधली मांडी, शस्त्र नसलेली नखे. गर्विष्ठ माणसाने कितीही हुशारीने नियम बांधले तरी कुठेतरी फट राहतेच, हे त्या गोष्टीचे सार. झुंज हा तिचा शेवटचा आणि सगळ्यात लहान भाग आहे.

चित्रपटात हे नाही असे मी म्हणत नाही. वर आहे, खांब आहे, सगळे आहे. पण पडद्यावर एवढा मोठा सिंह गर्जना करू लागला की डोळे दुसरीकडे जातच नाहीत. आणि ज्या मुलाकडे 'उंबरठा' हा शब्दच नाही, त्याला दारात मारले काय आणि अंगणात मारले काय, सारखेच. शब्द नसेल तर कोडे दिसत नाही. मग उरते ती मारामारी.

माई एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी विचारले, "मारल्यावर काय झालं?" पोराने खांदे उडवले. त्यांनी सांगितले की देवाचा राग शांत होईना. सगळे देव घाबरून लांब उभे राहिले. लक्ष्मीसुद्धा पुढे जाईना. मग छोटा प्रल्हाद एकटा पुढे गेला आणि देव शांत झाला. पुढे देवाने त्याला वर माग म्हटले, तर त्याने काय मागितले? माझ्या बापाला क्षमा कर. हे सगळे भागवतात आहे. "तुझ्याएवढाच होता तो," माई म्हणाल्या. त्यांनी शेवटी आणखी एक सांगितले, जे भागवतात नाही. हिरण्यकश्यपूच्या पोटातल्या विषाने देवाची नखे जळू लागली. आग काही केल्या थांबेना. तेव्हा लक्ष्मीने औदुंबराची फळे आणली, देवाने नखे त्या फळांत रोवली, आणि आग शमली. म्हणून औदुंबर पवित्र.

ही कथा गुरुचरित्रातली. ज्या मराठी घरांत गुरुचरित्राचा सप्ताह होतो, तिथे नरसिंहाची गोष्ट उंबराच्या झाडाखाली संपते. म्हणजे बघा, गोष्ट तीच, पण तिला आपल्या भाषेने आपला शेवट दिला आहे, आणि तो शेवट मारण्याचा नाही, आग विझण्याचा आहे. माईंकडून नातवाला ती रात्री मिळाली. टीव्हीकडून ती मिळाली नसती, आणि त्यात टीव्हीचा दोष नाही. पाच भाषांत देशभर जाणाऱ्या चित्रपटाने कोणाच्या घरातला कोणता शेवट घ्यायचा?

तिसऱ्या दिवशी आम्ही गाडी करून धारला गेलो. पोराला बरोबर घेतले. गाडीतून उतरलो आणि भोज राजाच्या गावात आपण उभे आहोत हे मनात आल्यावर मला त्या दोन मतांची आठवण झाली. अकराव्या शतकातल्या या राजाच्या नावावर 'चंपूरामायण' आहे. चंपू म्हणजे गद्य आणि पद्य मिसळून केलेली रचना. वाल्मीकींचे रामायण होतेच की! तरी भोजाला ते आपल्या काळाला आवडणाऱ्या साच्यात पुन्हा सांगावेसे वाटले. त्याच्याच नावावरच्या 'समरांगणसूत्रधार' या वास्तुशास्त्राच्या ग्रंथात यंत्रांवर एक अध्याय आहे. त्यात लाकडाच्या हलत्या बाहुल्या, नाचणारी आणि काम करणारी यंत्रे यांची वर्णने आहेत. हजार वर्षांपूर्वी याच माळव्यात माणसांना वाटत होते की निर्जीव आकृती हलायला हवी. ॲनिमेशन म्हणजे तरी दुसरे काय?

आणि इतक्या लांब कशाला जायचे? आपल्या पत्रादेवीची सीमा ओलांडून तासाभरावर, कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथले ठाकर कलावंत चित्रकथीची पाने एकामागून एक उलटत रामायण-महाभारत सांगत आले. कळसूत्री बाहुल्या नाचवत आले, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडत आले. पडद्यावर हलणारा देव आमच्या कोकणाला नवा नाही. आपल्याकडे काही घरांतून चतुर्थीला कागदावरचा गणपती पुजतात. माशेलचे हलते देखावे बघायला आपण दरवर्षी रांगा लावतो. दशावतारात रात्री दोनला सोंगाचा नरसिंह येतो तेव्हा पुढच्या रांगेतली पोरे आईच्या कुशीत शिरतात. दादासाहेब फाळक्यांनी तर १९१५ सालीच आगकाड्या हलवून चित्रपट केला होता. मग कॉम्प्युटरने केलेल्या देवाने पावित्र्य कसे जाते? पावित्र्य गेले म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला यासाठीच पटत नाही.

पण मग दुसरे मत? "मुलांना संस्कृती कळते" हे? चित्रकथी सांगणारा माणूस पान उलटताना थांबायचा. समोर कोण बसले आहे ते बघायचा. मुलाने विचारले तर उत्तर द्यायचा, आणि ते गावाच्या बोलीत द्यायचा. दशावतारातला संकासुर तर गावातल्या लोकांची नावे घेऊन थट्टा करतो. चित्र हलते होते, पण शेजारी माणूस होता. आज चित्र शंभरपट चांगले झाले, पण शेजारचा माणूस उठून गेला. पोराला टीव्हीसमोर बसवले की आपण मोबाइल घेऊन दुसऱ्या खोलीत. मग संस्कृती कळते कशाने?

धारला लाट मशिदीच्या आवारात एक मोठा लोखंडी खांब आहे. 'लाट' म्हणजे खांब, त्यावरूनच मशिदीला नाव मिळाले. खांब मोडलेला आहे, त्याचे तीन तुकडे ओट्यावर आडवे मांडून ठेवले आहेत. तिन्ही जोडले तर तेरा मीटरच्या आसपास लांबी होते. त्याचे श्रेयही भोज राजाला देतात. मी पोरांना सांगत होतो की एवढे लोखंड त्या काळात कसे घडवले असेल याचा विचार करा. ताईच्या नातवाचे लक्ष नव्हते. तो तुकड्यांच्या टोकाशी वाकून आत काय आहे ते बघत होता. मग मला म्हणाला, "मामा, नरसिंह इसी में से निकले क्या?" माझी मुलगी हसली. मी नाही म्हणणार होतो, पण तेवढ्यात तो स्वतःच म्हणाला, "नहीं, यहाँ उंबरठा नहीं है।"

हिंदी वाक्यात तो एक मराठी शब्द. मला त्याचा जो आनंद झाला तो लिहून सांगता येणार नाही. चित्रपट नसता तर तो खांबाकडे बघून हा प्रश्न विचारता ना. आणि माई नसत्या तर त्याला उत्तर सापडते ना. दोन्ही पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे.

आता थोडे आपल्या घरात येऊ. परतीच्या गाडीत मी मुलीला विचारले, "तुला माहीत होता का उंबरठा?" तिने प्रामाणिकपणे सांगितले, शब्द पुस्तकात वाचला होता, पण पायाखाली कधी आला नव्हता. आमच्या फ्लॅटला उंबरठा नाही. दाराखाली संगमरवराची एक सपाट पट्टी आहे, झाडू मारताना अडू नये म्हणून अगदी फरशीला लागून. माझ्या आजोळी, जुन्या घरात, हुंबरो होता. त्यावर बसलो की आजी ओरडायची, "उठ तिथून, हिरण्यकश्यपूला तिथे मारलेला!" आजोळचे कुलदैवत वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह. सोळाव्या शतकात सांकवाळला देवळे राहणार नाहीत असे दिसल्यावर भाविकांनी देवाला उचलून नदीपलीकडे वेलिंगला आणले. म्हणजे ज्याने उंबरठ्यावर न्याय केला त्या देवालाच स्वतःचा उंबरठा सोडावा लागला. आजी हे सांगायची तेव्हा मला नृसिंहाविषयी भीती वाटायची नाही, माया वाटायची. हे सगळे मला ठाऊक होते, तरी मी मुलीला सांगितले नव्हते. देवासच्या ऐंशी वर्षांच्या बाईने, हिंदीच्या समुद्रात राहून, जे नातवाला दिले ते मी मराठी वर्तमानपत्र वाचणारा, मराठीतून बीए झालेला माणूस माझ्या मुलीला देऊ शकलो नव्हतो. दोष कोणाला देऊ? सिनेमाला?

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 'महावतार नरसिंह' हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम अशा पाच भाषांत आला. मराठीत आला नाही. का नाही? कारण आपल्याला हिंदी समजते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी कारकून आहे, मला हा व्यवहार कळतो. ज्या विषयाचा अर्जच कधी आला नाही त्याची फाइल कशी उघडणार? कन्नड आणि मल्याळी प्रेक्षक आपल्या भाषेत मागतात, त्यांना मिळते. आपण मागत नाही. गोव्यातला मराठी मुलगा, पुण्यातला मराठी मुलगा आणि देवासचा मराठी मुलगा, तिघेही तोच नरसिंह हिंदीत बघतात. देवासच्या मुलाची निदान ती बाहेरची भाषा आहे, रस्त्यावरची आहे, आईची आहे. आपली?

हे हिंदीशी भांडण नाही. माळव्यात गेलो म्हणून कळले की तिथे माळवीचीही तीच गत आहे. कुमारजींनी ज्या बायकांची गाणी ऐकली त्यांच्या नातवंडांनाही पडद्यावर माळवी भेटत नाही. मोठी भाषा लहान भाषेला मारते असे नाही. लहान भाषेची माणसे गप्प बसतात, आणि ती जागा रिकामी राहत नाही, एवढेच.

गोव्याला तर हे जास्त कळायला हवे. इथे केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली मराठीत कृष्णाची कथा लिहिली. त्यानंतर नव्वद वर्षांनी, १६१६ मध्ये, थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने रायतूरला ख्रिस्तपुराण छापले. बाहेरून आलेला माणूस, बाहेरून आलेली कथा, पण ती त्याने इथल्या लोकांना ओवीत सांगितली. कारण त्याला पक्के ठाऊक होते की गोष्ट मनात शिरायची असेल तर ती ऐकणाऱ्याच्या भाषेतून आणि ऐकणाऱ्याच्या चालीतून शिरते. परक्याची कथा आपल्या भाषेत आणण्याइतकी समज चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाला होती. आणि आपण आपल्याच पुराणकथा आपल्याच मुलांना दुसऱ्यांच्या भाषेत दाखवून समाधान मानतो!

मग काय करायचे? माझ्याकडे मोठा उपाय नाही. मी दोन छोट्या गोष्टी सुचवतो. पहिली, मागणी करायची. पुढचा असा चित्रपट येईल, येणारच आहे, तेव्हा थिएटरवाल्याला, ओटीटीवाल्याला विचारायचे की मराठी आवाज आहे का. एकाने विचारून काही होत नाही हे मला ठाऊक आहे. पण कचेरीत बसून मी हेही पाहिले आहे की त्याच विषयाचे पन्नासावे पत्र आले की साहेब विचारतो, "अरे, हे काय प्रकरण आहे?"

दुसरी गोष्ट अधिक सोपी आणि अधिक कठीण. चित्रपट बघताना मुलाशेजारी बसायचे. पूर्ण दोन तास. आणि संपल्यावर एक प्रश्न विचारायचा. एकच. "मग मारला कुठे?" किंवा "राग कोणी शांत केला?" उत्तर मराठीत आले नाही तरी चालेल, प्रश्न मराठीत गेला पाहिजे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना जवळ बोलवायचे. त्यांना तो शेवट ठाऊक असतो जो कोणत्याही कंपनीकडे नाही.

गेल्या महिन्यात आजोळच्या जुन्या घरी गेलो होतो. घर आता बंद असते, वर्षातून दोनदा उघडतो. मागच्या बाजूला व्हाळाकाठी रुमडाचे झाड आहे. खोडालाच फळे लगडलेली, खाली सडा पडलेला. मुलीला म्हटले, "हा औदुंबर." ती म्हणाली, "हा तर रुमड. आजी हा रुमड म्हणते." म्हटले, "तोच." तिने एक फळ उचलले, त्यात नख खुपसून पाहिले आणि विचारले, "थंड आहे. म्हणून का?"

परत निघताना कुलूप लावायला वेळ झाला. दिवस कलत आला होता. ती हुंबऱ्यावर बसली होती. मी तोंड उघडणार एवढ्यात स्वतःच उठली आणि म्हणाली, "माहीत आहे मला."

देवासला फोन केला तेव्हा हे माईंना सांगितले. त्यांना आता नीट ऐकू येत नाही. ताईने मोठ्याने सांगितल्यावर त्या हसल्या म्हणे. आणि विचारत होत्या, तुमच्या फ्लॅटला उंबरठा नाही तर संध्याकाळी रांगोळी कुठे काढता?

मला उत्तर देता आले नाही.